आगीचा जमाखर्च

‘बंद टूटता तो तवानाई निकलती.’ आमच्या उर्दू शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना रसायनशास्त्रातलं दुसरं काही येवो न येवो, हे एक वाक्य हमखास येतं. कुणी शिकवलं, असं विचारलं तर सांगता येत नाही. मोठ्या भावाचं गाईड, कुठली तरी शिकवणी, मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ, कुठून तरी ते आलेलं असतं आणि पाढ्यासारखं पक्कं झालेलं असतं. तवानाई म्हणजे ऊर्जा आणि बंद म्हणजे दोन अणूंना धरून ठेवणारा रासायनिक बंध. मराठी शाळेतली मुलं ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असं म्हणतात, एवढाच फरक. दोन्ही भाषांत वाक्य सारखंच चूक आहे.

उर्दूत ते जरा जास्त घट्ट बसतं, असं मला वाटतं. कारण आमच्या भाषेत बंद म्हणजे गाठ, बंद म्हणजे पाणी अडवणारा बांध आणि बंद म्हणजे कोंडलेलंही. मग मुलांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं ते गोटीसोड्याच्या बाटलीचं. आत काहीतरी कोंडलंय, गोटी दाबली की फस्सकन बाहेर. लाकडात आग कोंडलेली, साखरेत ताकद कोंडलेली, बंध फोडा आणि घ्या.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेली दोन लोहचुंबकं मी वर्गात नेते. ओढून वेगळी करायला सांगते. पोरांच्या बोटांना रग लागते. मग जवळ आणून सोडायला सांगते. टक्‌ असा आवाज होतो, कधी बोट चिमटतं. तो आवाज आणि तो चिमटा ही जुळतानाची मिळकत. तोडताना बोटांनी दिलं, जुळताना चुंबकानं परत केलं. अणूंचं चुंबकासारखं नसतं, तिथं इलेक्ट्रॉनांची भागीदारी असते. पण घ्यायचं कधी आणि द्यायचं कधी, हा व्यवहार असाच आहे.

माझं माहेर मुरगूड. वेदगंगेच्या काठचा हा सारा भाग उसाचा. आता बहुतेक ऊस बिद्रीच्या किंवा हमिदवाड्याच्या कारखान्याला जातो, पण माझ्या लहानपणी आसपास गुऱ्हाळं बरीच होती आणि माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, हंगामात गुऱ्हाळावर जाळ घालायचं काम करायचे. गुळव्याला मान असतो. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे तो बोटांनी ओळखतो. थर्मामीटर लावला तर साधारण 118 ते 120 अंश भरेल, पण त्याला तो लावावा लागत नाही. चुलवाणापुढं बसणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा छापून आलं ते गुळाबद्दल, मातीबद्दल, पाण्याबद्दल. जाळाबद्दल कोण लिहिणार?

दादा शाळेत गेले नव्हते. पण त्यांना दोन गोष्टी अशा ठाऊक होत्या की ज्या माझ्या वर्गातल्या मुलांना ते वाक्य पाठ असल्यामुळे समजत नाहीत. पहिली, चिपाड वाळल्याशिवाय घालायचं नाही. घाण्यातून निघालेल्या ताज्या चिपाडात वजनाचा जवळपास निम्मा भाग पाणी असतं. ते उन्हात पसरून वाळवायचं. ओलं घातलं तर धूर फार, ताव कमी. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 2260 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती चुलवाणातलीच खर्ची पडते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, ती पकड सोडवण्याचा हा खर्च. इथं रेणूसुद्धा फुटत नाही, नुसते शेजारी वेगळे होतात, तरी एवढी किंमत.

दुसरी गोष्ट हवेची. चुलवाणात चिपाड कोंबून भरलं तर आग वाढत नाही, गुदमरते. दादा थोडं थोडं घालायचे, राख ओढून हवेची वाट मोकळी ठेवायचे. नवखा पोरगा दणादण चिपाड ढकलायला लागला की ते ओरडायचे, ‘अरे, उसकू दम तो लेने दे!’

आता याचा हिशेब. चिपाडाचा रेणू फार मोठा आणि गुंतागुंतीचा असल्यामुळे वर्गात मी गोबरगॅस घेते. आमच्याकडे गोठ्यामागं गोबरगॅस असलेली घरं मुलांनी पाहिलेली असतात. त्यातला जळणारा वायू मिथेन. एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन. जळताना एका मिथेनला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात आणि शेवटी एक कार्बन डायऑक्साइड व दोन पाणी तयार होतात. माझ्या वर्गात बागवानांची मुलं बरीच. बाजाराच्या दिवशी बापाबरोबर गाड्यावर उभी राहतात. त्यांना ‘एन्थाल्पी’ म्हटलं की झोप येते, भांडवल म्हटलं की जागी होतात. म्हणून फळ्यावर दोन रकाने काढते.

खर्चाच्या रकान्यात तोडणं. कार्बन-हायड्रोजनचा एक बंध तोडायला सुमारे 413 किलोज्यूल, असे चार, म्हणजे 1652. ऑक्सिजनची एक जोडी तोडायला 498, अशा दोन, म्हणजे 996. एकूण भांडवल घातलं 2648. जमेच्या रकान्यात जुळणं. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजनचा एकेक दुहेरी बंध 799 देतो, असे दोन, 1598. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध 463, असे चार, 1852. आवक झाली 3450. वजाबाकी करा. 802. सोळा ग्रॅम मिथेन जाळून चहाच्या पातेल्याखाली येतो तो हा 802 किलोज्यूलचा नफा.

हा हिशेब मांडला की काडी का ओढावी लागते ते वेगळं सांगावं लागत नाही. पाठच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, ‘टीचर, पहले पैसा डालना पड़ता!’ बंध तुटल्यानेच ऊर्जा मिळत असती, तर गॅसची टाकी, चिपाडाचा ढीग, रॉकेलचा डबा, काहीच शिल्लक राहिलं नसतं. सगळं आपोआप फुटून गेलं असतं. काडी म्हणजे पहिला हप्ता. एकदा काही रेणूंचा व्यवहार झाला की त्यांच्या नफ्यातून पुढच्यांचं भांडवल निघतं आणि आग चालू राहते. ओल्या चिपाडात हा नफा पाणी खातं, म्हणून आग बसते.

त्या रकान्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि मला स्वतःला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑक्सिजनमधली जोडी दुहेरी बंधाची असूनही सैल आहे. कार्बनशी दुहेरी बंध केला तर 799, आपसात केला तर 498. म्हणजे नफ्याचं मूळ इंधनात जितकं शोधावं, तितकं किंवा त्याहून जास्त हवेत शोधायला हवं. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातले क्लाउस श्मिट-रोर यांनी 2015 साली हे फार सोपं करून मांडलं. लाकूड जाळा, तेल जाळा, मिथेन जाळा, जळणात खर्च झालेल्या दर 32 ग्रॅम ऑक्सिजनमागे उष्णता सुमारे 418 किलोज्यूलच मिळते, थोडीफार इकडेतिकडे. इंधन बदललं तरी ऑक्सिजनमागचा दर जवळपास तोच. मिथेनचे 802 दोन ऑक्सिजनांत वाटले तर प्रत्येकी 401 येतात, ते याच्या जवळच आहेत.

म्हणजे आग लाकडात कोंडलेली नाही. ती लाकूड आणि हवा यांच्यामध्ये आहे. ‘इंधनात ऊर्जा साठलेली असते’ हे आपण सोयीसाठी बोलतो. तसं बोलायला माझी हरकत नाही, विजेचं बिल भरताना आपण कुठं इलेक्ट्रॉन मोजतो? पण हवा नसलेल्या चंद्रावर चिपाडाचा डोंगर नेऊन टाकला तर त्याच्यावर एक वाटी चहा होणार नाही.

मग ऊस काय करतो? उसाचं पान उन्हाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे मजबूत बंध सोडवतं. ते भांडवल सूर्याचं. त्यातून साखर बनते आणि ऑक्सिजन हवेत सोडून दिला जातो. साखर इथं राहिली, ऑक्सिजन तिकडं गेला. साठवण म्हणतात ती या ताटातुटीत आहे. आपण गुळाचा खडा तोंडात टाकतो, वरून श्वास घेतो, तेव्हा त्यांची पुन्हा गाठ पडते. 180 ग्रॅम ग्लुकोज असं पुरं ‘जळलं’ की सुमारे 2800 किलोज्यूल. चुलवाणात ते भडकन होतं, शरीरात पायरीपायरीनं. रमजानमध्ये मगरिबला खजूर तोंडात जाताच अंगात तरतरी येते, तिच्यात त्या वेळी घेतलेल्या श्वासांचाही वाटा असतो.

दहावीच्या जीवशास्त्रात एटीपी येतं आणि माझी सगळी मेहनत तिथं पाण्यात जायची वेळ येते. एटीपीला ऊर्जेचं चलन म्हणतात, ते ठीक आहे. पण त्याच्या पुढं त्याचा फॉस्फेटचा बंध तोडून ऊर्जा मिळते, या अर्थाचं शिकवलं जातं. मुलं माझ्याकडं बघतात. ‘टीचर, आप तो बोले थे...’ आता काय करावं? या शब्दप्रयोगाचा उगम मोठ्या माणसापर्यंत जातो. फ्रिट्झ लिपमान या जर्मनीत जन्मलेल्या, पुढं अमेरिकेत गेलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञानं 1941 साली ‘ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंध’ ही कल्पना मांडली आणि तो बंध दाखवायला नागमोडी रेघ वापरली. 1953 साली त्यांना नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी. ती नागमोडी रेघ जगभरच्या पुस्तकांत गेली, आणि तिच्याकडं पाहून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाटलं की त्या रेघेत स्प्रिंग दाबून ठेवली आहे. वास्तविक तिथंही तोच जमाखर्च आहे. एटीपीचा तो बंध तोडायला थोडा खर्च येतो. पाण्याबरोबर नवे बंध जुळतात, सुटे झालेले तुकडे पाण्यात जास्त स्थिर होतात, त्यात मिळकत जास्त. नेहमीच्या प्रमाण स्थितीत हाती उरतात ते सुमारे 30 किलोज्यूल. पेपरात काय लिहायचं, असं मुलं विचारतात. मी म्हणते, ‘एटीपीच्या पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतून ऊर्जा मिळते’ असं लिहा. कुठलाही तपासणारा त्याला चूक म्हणणार नाही आणि तुम्ही खोटंही लिहिलेलं नसेल.

जाता जाता एक बोलते, कुणाला लागलं तर लागो. आपल्याकडं शिक्षणावरचा कुठलाही जलसा जाबिर इब्न हय्यानच्या नावाशिवाय पुरा होत नाही. रसायनशास्त्राला युरोपात जे नाव पडलं, ते अरबीतल्या ‘अल्‌-कीमिया’वरून आलं, हेही दरवेळी सांगितलं जातं. खरंच आहे ते. पण टाळ्या झाल्या की पुढं काय? माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवून घरी बसतात, कारण अकरावी सायन्सला उर्दू नाही. तवानाईची एकदम एनर्जी होते, हरारतची हीट होते, आणि दोन महिन्यांत पोरगी म्हणते, मला जमत नाही. घरचेही तेवढ्याचीच वाट बघत असतात. म्हणून मी नववीपासून प्रत्येक शब्द तीन भाषांत फळ्यावर लिहिते. तवानाई, ऊर्जा, एनर्जी. बंद, बंध, बाँड. खडू जास्त लागतो. जाबिरचं नाव घ्यायला खडू लागत नाही.

बंध मजबूत असण्याचा अर्थ मुलांना सर्वांत चांगला कळतो तो युरियाच्या पोत्यावरून. हवेचा पाचातला जवळपास चार हिस्से भाग नायट्रोजन आहे, पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला 945 किलोज्यूल लागतात. पिकाच्या डोक्यावर नायट्रोजनचा समुद्र, तरी ऊस उपाशी. भुईमूग आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो बंध सोडवतात. अलिबागजवळ थळला आणि असल्याच इतर कारखान्यांत त्यासाठी नैसर्गिक वायू आणि प्रचंड दाब-उष्णता वापरावी लागते. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाला ही वाट सापडल्याबद्दल 1918 सालचं नोबेल दिलं गेलं. आणि तोच नायट्रोजन पुन्हा जोडीनं एकत्र आला की 945 परत मिळतात, एका झटक्यात. बैरूतच्या बंदरात 4 ऑगस्ट 2020 रोजी गोदामातल्या सुमारे 2750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. टीव्हीवर ते पाहून एका मुलानं मला विचारलं होतं, खतात एवढी ताकद कुठं लपली होती? लपली नव्हती, जुळताना आली.

हे सगळं पुस्तकात चुकलं तर एक-दोन गुण जातात. घरात चुकलं तर काय जातं, ते आता सांगते.

2019 च्या डिसेंबरात मी बाळंतपणाला मुरगूडला होते. चाळीस दिवसांचा चिल्ला. आमच्याकडं काय आणि शेजारच्या मराठा घरात काय, बाळंतिणीची खोली सारखीच असते. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, वरून ओवा, बाळंतशेपा, धूप, लसणीच्या साली. आईला शेक, बाळाला शेक. आणि खिडकी बंद, दाराला गोधडी, कारण वारा लागता कामा नये. माझ्या खाला या कामात तरबेज. गल्लीतल्या कितीतरी बाळंतिणी त्यांनी शेकल्या. त्यांचा नियम होता की शेगडी अंगणात पेटवायची, धूर पुरा जाऊ द्यायचा, निखारा लाल झाला की मगच आत आणायची. नियम चांगला आहे. धुरानं बाळाचा जीव घाबरा होतो, तो त्यातून वाचतो.

पण लाल, बिनधुराचा निखारा आणि बंद खोली, हीच जोडी सर्वांत वाईट. कार्बनला भरपूर हवा मिळाली तर त्याचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू जोडून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. खोलीतला ऑक्सिजन कमी होत गेला, राखेखाली निखारा गुदमरू लागला, की कार्बनच्या वाट्याला एकच ऑक्सिजन येतो. तो होतो कार्बन मोनॉक्साइड. हिशेब बघा. 12 ग्रॅम कार्बन पुरा जळला तर सुमारे 394 किलोज्यूल उष्णता. अर्धवट जळून मोनॉक्साइडवर थांबला तर फक्त 111. शेक पावपटीनं, थोडा जास्त. बाकीच्या उष्णतेऐवजी खोलीत विष. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू असतो, ऑक्सिजन त्याला धरून शरीरभर फिरतो. मोनॉक्साइड त्याच लोहाला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं धरतो आणि लवकर सोडत नाही. श्वास चालू असतो, ऑक्सिजन पोचत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. ओल्या बाळंतिणीचं डोकं दुखलं, ती गुंगीत पडली, तर कुणाला वावगं वाटणार आहे? म्हणतील, थकली आहे, झोपू दे.

बाथरूममधल्या गॅस गिझरनं माणसं गेल्याच्या बातम्या थंडीच्या दिवसांत पेपरात येतात, त्या याच कारणानं. तिथं बातमी तरी होते.

मी खालांना म्हटलं, खिडकी चार बोटं उघडी ठेवा. खालांनी कपाळावर हात मारला. ‘मास्तरनी हुई तो क्या हुआ, बच्चा तो पहला है ना तेरा?’ अम्मी मधल्या मध्ये. मोनॉक्साइड, हिमोग्लोबिन असले शब्द मी काढले असते तर खाला उठून गेल्या असत्या. मी दादांचं नाव काढलं. म्हटलं, खाला, दादा चुलवाणाला हवेची वाट ठेवायचे, आठवतं? कोंडलं तर आग नीट जळत नाही आणि न जळलेलं कुठं जातं? धुराड्यातून बाहेर. इथं धुराडं कुठं आहे? न जळलेलं माझ्या आणि बाळाच्या नाकातच जाणार ना?

खाला गप्प बसल्या. पटलं असं त्या आजही म्हणणार नाहीत. पण खिडकीची एक फळी चार बोटं उघडली, वारा थेट येऊ नये म्हणून बाजेच्या बाजूला जुनी चादर बांधली, आणि शेक झाला की शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवायची, असं ठरलं. रात्री शेगडी आत ठेवून झोपायचं नाही, हे मात्र मी अडून बसून मान्य करून घेतलं. माझ्या मिस्टरांनी त्यावर एक जाड रजई कोल्हापुराहून आणून दिली. खालांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाल्या, कापूस बरा आहे.

त्यानंतर दहावीला हा भाग शिकवताना मी 394 आणि 111 चे आकडे फळ्यावर मांडते आणि बाळंतिणीची खोली काढते. मुलगे लाजतात, खाली बघतात. लाजू देत. उद्या त्यांच्याच घरात शेगडी पेटणार आहे.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीनं तास संपल्यावर मला थांबवलं. तिचे वडील हंगामात गुऱ्हाळावर जाळ घालतात, माझ्या दादांसारखेच. घरी मोठी बहीण बाळंतपणाला आली होती. दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली की तिनं घरी फळ्यावरचा हिशेब वहीतून वाचून दाखवला. आजीनं ऐकलं नाही. वडील जेवत होते, त्यांनी हात न धुताच उठून खिडकीचा खिळा काढला. ‘अब्बा बोले, इतना तो मेरेकू मालूम है, पर घर के वास्ते ऐसा सोचा नै था.’

मग तिनं तिचा खरा प्रश्न विचारला. ‘टीचर, खिड़की कितनी खुली रखना? चार उँगली में कितना ऑक्सिजन आता?’

खोली केवढी, निखारे किती, वारा कुठल्या बाजूचा, यावर ते आहे, असं मी सांगितलं. आकड्यात सांगता येणार नाही, म्हणून शेगडी खोलीत ठेवून कुणी झोपू नये आणि डोकं दुखायला लागलं तर आधी बाळ आणि आई दोघांना बाहेर उघड्यावर आणून थेट दवाखाना गाठावा. तिनं ते वहीत हिशेबाखाली लिहून घेतलं, तीन भाषांत नाही, एकाच. मग विचारलं की एका खोलीतला ऑक्सिजन काढायची रीत अकरावीला आहे का. आहे, म्हटलं, वायूंच्या प्रकरणात, मोल मोजायला शिकवतात. ‘इंग्लिश में?’ इंग्लिशमध्ये. ती जरा थांबली आणि म्हणाली, अब्बांना आज रात्री विचारते.